चिमट्याची नळी जाड केली की सायकल खरंच ताठ होते का?

परवा भाच्याचा सायकलच्या दुकानातून फोन आला. "मामा, दोन माउंटन बाइक बघतोय. गिअर तेच, डिस्क ब्रेक तेच. पण एकीचा फोर्क 'टेपर्ड स्टिअरर'वाला आहे आणि ती बरीच महाग आहे. हे म्हणतात टेपर्ड म्हणजे जास्त स्टिफ. घेऊ का?" मागून दुकानदाराचा आवाज आला, "सांगा त्यांना, उतारावर लगेच कळतं!"

"पैसे देऊ नकोस अजून," एवढंच मी म्हणालो. कारण दुकानदार खोटं बोलत नव्हता, पण पूर्ण खरंही बोलत नव्हता. हल्ली डोंगरी सायकलींच्या माहितीपत्रकात हा शब्द ठळक अक्षरांत असतो आणि घेणाऱ्याला त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. म्हणून जरा मुळापासून बघू.

स्टिअरर म्हणजे काय?

सायकलचा फोर्क, म्हणजे आपला चिमटा, वरून खाली बघत या. हँडल ज्या नळीला आवळलेलं असतं ती नळी फ्रेमच्या तोंडाशी असलेल्या आखूड, रुंद नळीत शिरते. त्या रुंद नळीला हेड ट्यूब म्हणतात. आत जाणारी, हँडलबरोबर फिरणारी नळी म्हणजे स्टिअरर. हेड ट्यूबच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकेक बेअरिंग असतं, त्यावर ती फिरते. खालच्या बेअरिंगच्या लगेच खाली एक आडवा जाड तुकडा असतो, तो क्राउन. क्राउनमधून दोन पाय खाली जातात आणि पायांच्या टोकांना चाक. शॉकअपचा चिमटा असेल तर हे पाय एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे असतात.

सरळ स्टिअरर म्हणजे वरपासून खालपर्यंत सव्वा इंचाला थोडी कमी, नेमकं सांगायचं तर २८.६ मिलिमीटर व्यासाची नळी. टेपर्ड म्हणजे वर तेवढीच, पण खाली क्राउनजवळ दीड इंच, म्हणजे ३८.१ मिलिमीटर. निमुळती. वाद आहे तो खालच्या या साडेनऊ मिलिमीटरचा.

ताठ वेगळं, मजबूत वेगळं

दुकानात 'स्टिफ' आणि 'स्ट्राँग' हे दोन शब्द एकाच अर्थाने फेकले जातात. फळ्यावरचा खडू घ्या. दोन्ही टोकांना धरून वाकवा, जराही वाकणार नाही, कट्कन तुटेल. खडू ताठ आहे, मजबूत नाही. वेताची छडी गोल वाकते आणि पुन्हा सरळ होते. ती मजबूत आहे, ताठ नाही. ताठपणा म्हणजे ठरावीक जोर लावल्यावर वस्तू किती कमी वाकते ते. मजबुती म्हणजे किती जोर लावल्यावर ती कायमची वाकडी होते किंवा मोडते ते.

निमुळत्या नळीने दोन्ही वाढतात, पण सारख्या महत्त्वाने नाही. माझ्या मते या नळीची खरी कमाई मजबुतीत आहे आणि जाहिरात मात्र ताठपणाची होते.

गुढीची काठी

पाडव्याला गॅलरीच्या कठड्याला गुढी तिरकी बांधतो तेव्हा काठी दोन ठिकाणी करकचून आवळतो, एक कठड्याच्या खालच्या गजाला, दुसरी वरच्या. बाहेर काढलेल्या टोकाला तांब्या, पातळ, साखरेची गाठी. वारा आला की काठी सगळ्यात जास्त कुठे वाकायला बघते? टोकाला नाही. वरच्या गाठीपाशी, जिथून ती बाहेर निघते तिथे. तिथून आतल्या गाठीकडे यावं तसा ताण उतरत जातो आणि आतल्या गाठीपाशी जवळजवळ काहीच उरत नाही.

हीच काठी उलटी करा. बाहेरची गाठ म्हणजे खालचं बेअरिंग, आतली गाठ म्हणजे वरचं, आणि तांब्याच्या जागी चाक. चाकाला दगडाची ठोकर बसते किंवा पुढचा ब्रेक दाबला जातो तेव्हा सगळ्यात जास्त वाक खालच्या बेअरिंगपाशी येतो. १५० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या, म्हणजे तेवढा दबू शकणाऱ्या, २९ इंची चाकाच्या फोर्कमध्ये क्राउनपासून चाकाच्या आसापर्यंत साधारण ५५ सेंटीमीटर अंतर असतं. हेड ट्यूब असते फक्त १०-१२ सेंटीमीटरची. म्हणजे तरफ एका बाजूला पाचपट लांब. चाकापाशी ५० किलोचा धक्का बसला तर वरच्या बेअरिंगवर सुमारे २५० किलोचा आणि खालच्यावर ३०० किलोचा जोर येतो.

म्हणून नळी खाली जाड आणि वर बारीक ही रचना शहाणपणाची आहे यात वाद नाही. ताण जिथे जास्त तिथे माल जास्त. बांबूही तेच करतो.

एक इंचापासून दीड इंचापर्यंत

डोंगरी सायकलीचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीचा, १९७० च्या दशकातला. माउंट टॅमलपैसच्या परिसरातल्या एका उतारावर १९७६ पासून शर्यती होऊ लागल्या. उताराचं नाव पडलं 'रीपॅक', कारण खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मध्यातल्या, ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. त्या जुन्या, जड सायकलींचे चिमटे साधे होते, स्टिअरर एक इंची आणि वर आटे पाडलेला. आटे पाडले की नळीची भिंत तिथे पातळ होते.

मग १९८९-९० च्या सुमारास पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकअप फोर्क आला. तो दबायचा जेमतेम ५ सेंटीमीटर, पण दिशा ठरली. फोर्क लांब होत जाणार, तरफ वाढत जाणार. सायकली बनवणारे गॅरी फिशर यांनी सव्वा इंची नळी रेटून पाहिली, बाजाराने एक पूर्णांक एक अष्टमांश इंच निवडला. १९९० च्या दशकात आटे गेले आणि नळीवर बाहेरून स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, आवळायची पद्धत आली. २००० नंतर उतारावर उड्या मारणाऱ्यांसाठी वरपासून खालपर्यंत दीड इंचाची नळी आली. ती दणकट होती, पण जड, आणि तिच्यासाठी स्टेम शोधत फिरावं लागे. २००८-०९ च्या सुमारास दोघांची तडजोड झाली, वर जुनी जाडी आणि खाली दीड इंच. आज जवळजवळ प्रत्येक चांगल्या माउंटन बाइकवर हीच असते.

जाडीचं गणित, आणि एक गंमत

नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला तर तिचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३८.१ भागिले २८.६ म्हणजे १.३३. त्याचा घन सुमारे २.४. व्यास फक्त तेहेतीस टक्के वाढला आणि ताठपणा अडीचपटीच्या जवळ गेला. कागदाची सुरळी जितकी रुंद तितकी ती कमी लवते, तसंच हे. दुकानदाराचं वाक्य इथून जन्माला येतं.

पण स्वस्त सायकलींचा स्टिअरर बहुतेक वेळा पोलादी असतो आणि महागड्यांचा ॲल्युमिनियमचा. पोलाद ॲल्युमिनियमपेक्षा जवळपास तिप्पट ताठ आहे. त्यामुळे त्याच भिंतीची २८.६ ची सरळ पोलादी नळी ३८.१ च्या ॲल्युमिनियमच्या नळीपेक्षाही थोडी जास्तच ताठ भरते! भाच्यासमोरच्या दोन सायकलींत स्वस्तातल्या सायकलीचा स्टिअरर कदाचित अधिक ताठ होता. फक्त वजन बघा. पोलाद घनतेने ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट, त्यामुळे जाड ॲल्युमिनियमची नळी बारीक पोलादी नळीच्या निम्म्याहून कमी वजनात बसते. म्हणजे टेपरने मिळवलं काय, तर पोलादाच्या जवळ जाणारा ताठपणा निम्म्या वजनात. कमाई मोठी आहे, पण जाहिरातीतली नव्हे.

मग अख्खा फोर्क किती ताठ झाला?

स्टिअरर एकटा वाकत नाही. त्याच्याखाली पाय वाकतात, आस लवतो, चाकाचे आरे ताणले जातात, टायर दबतो. सगळे एकामागोमाग एक जोडलेले, त्यामुळे सगळ्यांचं वाकणं एकमेकांत मिळवायचं.

मी वहीत ढोबळ हिशेब मांडला. आसापाशी मागच्या दिशेने सुमारे ५० किलोचा जोर, पाय ५३ सेंटीमीटर, हेड ट्यूब ११ सेंटीमीटर, पाय ३५ मिलिमीटर व्यासाचे आणि २ मिलिमीटर भिंतीचे, स्टिअररची भिंत अडीच मिलिमीटर, सगळं ॲल्युमिनियम. या आकड्यांवर नुसत्या पायांच्या वाकण्याने चाक सुमारे ६.३ मिलिमीटर मागे जातं. सरळ स्टिअररमुळे त्यात आणखी ४.२ मिळतात. निमुळता घातला तर २.१. सरळ पोलादी घातला तर १.५.

म्हणजे टेपरने स्टिअररचा वाटा निम्मा केला, आणि चाकापाशी एकूण वाक साडेदहावरून साडेआठच्या आत आला. वीस टक्के. कमी नाही. पण या हिशेबात मी क्राउन, बुशमधली (पायांच्या नळ्या ज्या कड्यांवर सरकतात त्यांतली) फट, आस, हेड ट्यूब आणि फ्रेम पूर्ण ताठ धरलेत. तसं प्रत्यक्षात नसतं. ते सगळे आपापलं वाकणं मिळवतात आणि टेपरचा वाटा आणखी पातळ होतो.

हे झालं पुढे-मागे वाकण्याचं. पीळ हा वेगळाच प्रकार. हँडल वळवलं आणि चाक थोडं मागे राहिलं, तर सायकल 'तुटक' वळते असं आपण म्हणतो. त्याच मापांवर पिळाचा हिशेब केला तर स्टिअररचा वाटा पाच टक्के जेमतेम. बाकी सगळं दोन पायांचं, आसाचं आणि क्राउनचं. पाय ३५ ऐवजी ३८ मिलिमीटरचे केले, तर पायांचा ताठपणा सुमारे तीस टक्के वाढतो. जुन्या ९ मिलिमीटरच्या क्विक रिलीज आसाऐवजी आरपार जाणारा १५ मिलिमीटरचा आस घातला, तर दोन्ही पाय एकमेकांना धरून राहतात. वळणात नेमकेपणा हवा असेल तर पैसे तिथे लावावेत.

दुकानात पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघणारे पुष्कळ दिसतात. मीही करायचो. जे लवताना दिसतं ते चाक आणि पाय असतात. त्यावरून स्टिअरर सरळ की निमुळता हे ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

"पण मला तर चालवताना फरक जाणवला!"

जाणवला असेल. पण टेपर्ड फोर्कची सायकल क्वचितच फक्त तेवढ्या फरकाने वेगळी असते. तिचे पाय जाड असतात, आस आरपार असतो, हँडल रुंद, स्टेम आखूड, टायर जास्त रुंद आणि कमी हवेचे. जाणवलेल्या फरकाचं श्रेय यांपैकी कुणाला द्यायचं? ते वेगळं काढायचं तर एकाच फोर्कचे दोन अवतार एकाच फ्रेमवर, एकाच टायरात चालवायला हवेत, आणि चालवणाऱ्याला कुठला कुठला ते कळू न देता. दुकानाच्या गल्लीत एक फेरी मारून हे होत नाही.

टायरचं तर विशेष. त्याच्यात कमी हवा असताना तो सेंटीमीटरमध्ये दबतो, स्टिअरर मिलिमीटरमध्ये वाकतो. लाकडी पलंगाच्या जागी लोखंडी आणला आणि गादी तीच ठेवली, तर पाठीला किती फरक कळेल?

वजनदार माणूस, वेगाने उतरणारा, उड्या मारणारा, त्याच्यासाठी गणित बदलतं. जोर दुप्पट तर वाकही दुप्पट. ६० किलोचा पोरगा वेताळ टेकडीवर संध्याकाळी चक्कर मारतो, त्याच्यासाठी नाही.

ताठ जितकं जास्त तितकं बरं?

सरसकट नाही. शॉकअपच्या फोर्कमध्ये आतली नळी बाहेरच्या नळीत बुशवर सरकते. पाय वाकले की बुश तिरके घासतात, फोर्क अडखळतो आणि ऐन दगडावर दबायचं विसरतो. म्हणून पायांचा ताठपणा हा शॉकअपच्या मऊपणासाठीच लागतो, ऐकायला उलटं वाटलं तरी.

पण स्टिअरर वाकतो तेव्हा काय होतं? तो क्राउनच्या वर आहे. तो वाकला की क्राउन आणि दोन्ही पाय मिळून किंचित तिरके होतात. पाय आपापसांत समांतरच राहतात, बुश अडत नाहीत. त्यामुळे एक मिलिमीटर पायातला आणि एक मिलिमीटर स्टिअररमधला, हे दोन्ही मी सारखे मोजणार नाही. पायातला महाग पडतो. स्टिअररमधला थोडासा लवचीकपणा तर हाताला बसणारी बारीक थरथर कमीच करतो.

मग कंपन्यांनी एवढा खटाटोप का केला?

आधी म्हटलेली मजबुती. स्टिअरर वाकला तर सायकल जराशी हलते, तुटला तर माणूस तोंडावर पडतो. २००६ च्या पॅरिस-रूबे शर्यतीत दगडी रस्त्यावर जॉर्ज हिंकॅपी यांच्या सायकलचा स्टिअरर तुटला आणि हँडल त्यांच्या हातात आलं. ती रस्त्यावरची सायकल होती, तरी या नळीवर काय अवलंबून आहे ते त्या चित्रावरून कळतं.

दुसरं कारण क्राउनमधला सांधा. बहुतेक शॉकअप फोर्कमध्ये स्टिअरर क्राउनच्या भोकात दाबून घट्ट बसवलेला असतो, वेल्डिंग नाही की बोल्ट नाही. नुसत्या घट्टपणावर तो टिकतो. नळी बारीक असेल तर तोच वाक कमी पृष्ठभागावर येतो, सांधा केसभर हलायला लागतो आणि फोर्क कुरकुरतो. माझ्या आधीच्या फोर्कचं हेच झालं. चढावर उभं राहून पेडल मारलं की जुन्या वाड्याचं दार उघडल्यासारखा आवाज. मी पेडल बदलले, बीबी (पेडलच्या दांड्यांचं मधलं बेअरिंग) उघडली, सीटपोस्टला ग्रीस लावलं आणि तीन महिन्यांनी कळलं की आवाज क्राउनमधला आहे. तो फोर्क टेपर्ड होता, हेही सांगायला हवं. रुंद नळीने हा रोग कमी होतो, जात नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात पटणारं, आणि त्याचा फोर्कशी संबंधच नाही. स्टिअरर खाली रुंद झाला की हेड ट्यूब खाली रुंद होते. तिला जोडलेली फ्रेमची खालची तिरकी नळी मग जाडजूड करता येते, वेल्डिंगला जागा मिळते. फ्रेमचा पुढचा भाग पिळायला अवघड होतो. कार्बनच्या फ्रेमला तर हा आकार वरदानच. शिवाय खालचं बेअरिंग मोठं, त्यात छर्रे जास्त, म्हणजे ते ३०० किलो जास्त छर्ऱ्यांत वाटले जातात.

हे चाक अजून थांबलेलं नाही. काही इलेक्ट्रिक माउंटन बाइकवर आता खाली १.८ इंचाची नळी येते. सायकलच २०-२५ किलोची, बॅटरी पोटात घेतलेली फ्रेमची नळी अवाढव्य, तिच्याशी जुळणारं तोंड हवं. काहींनी वरची बाजूही रुंद केली, ते बऱ्याचदा ताठपणासाठी नाही, तर ब्रेकच्या नळ्या आणि केबली वरच्या बेअरिंगमधून आत न्यायला. फोटोत छान दिसतं. ते बेअरिंग बदलायची वेळ आली की ब्रेकच्या तेलाची नळी सोडावी लागते, तेव्हा मिस्त्री काय बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

सरळ नळीची सायकल घेतली तर पुढे अडकू का?

हा खरा प्रश्न, आणि तो भाच्याने विचारला नव्हता. आज चांगले नवे फोर्क जवळजवळ सगळे टेपर्ड निघतात. म्हणून सायकल घेताना नळीपेक्षा फ्रेमचं तोंड बघायचं. तोंडाचा आतला व्यास ३४ मिलिमीटर असेल तर त्यात दीड इंची नळी कधीच जाणार नाही. ही हेड ट्यूब ओळखू येते. बेअरिंगच्या वाट्या वर आणि खाली ओठांसारख्या बाहेर आलेल्या असतात. तोंड ४४ मिलिमीटरचं असेल तर वाट्या आत लपलेल्या असतात, आणि पुढे कधी टेपर्ड फोर्क घ्यावासा वाटला तर खालची वाटी बदलून बाहेर बसणारी लावायची. सायकलचं तोंड साधारण एक सेंटीमीटर उचललं जातं, एवढंच. उलट बाजूने, निमुळत्या तोंडाच्या फ्रेममध्ये सरळ नळीचा फोर्क बसवायचा तर खालच्या बेअरिंगसाठी एक जाड कडं मिळतं.

भाच्याला म्हणालो, स्वस्तवालीच्या हेड ट्यूबचा फोटो पाठव. आला. वाट्या दिसत नव्हत्या.

"४४ दिसतंय," मी म्हणालो. "माहितीपत्रकात हेडसेटच्या, म्हणजे हेड ट्यूबच्या बेअरिंगांच्या, ओळीत झेडएस ४४ लिहिलंय का बघ. ते आत लपणाऱ्या वाट्यांचं नाव."

"मामा, त्या ओळीत नुसतं 'अलॉय' लिहिलंय."

"मग त्यांच्याकडे व्हर्निअर असेल तर बाहेरून मोजायला सांग. ४४ च्या तोंडाची नळी बाहेरून पन्नासच्या आसपास भरते."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. "ते म्हणतात मोजायला काही नाहीये, पण पन्नासच आहे."

"दुसऱ्या दुकानात जा," मी म्हणालो.